श्रीहरिकोट्याला जाताय? परतीचं तिकीट त्या दिवशीचं काढू नका

सगळ्यात आधी हे, कारण खालपर्यंत कोणी वाचत नाही: रॉकेट ज्या दिवशी उडणार आहे त्या दिवशीचं परतीचं तिकीट काढू नका. दुसऱ्या दिवशीचंही नको. परवाचं काढा. आता बाकीचं.

ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "श्रीहरिकोटा पाहायला किती वेळ लागतो हो?" आपल्या नागपूरकरांच्या डोक्यात हा प्रश्न रमण विज्ञान केंद्रावरून येतो. गांधीसागरच्या बाजूला गाडी लावली, तारांगणातला शो पाहिला, पोट्ट्यांनी चार बटणं दाबली, बाहेर येऊन भेळ खाल्ली, झाले अडीच तास. मीही तसाच हिशेब केला होता. संग्रहालय दीड तास, रॉकेट गार्डन अर्धा तास, लाँच म्हणजे काय ते दहा मिनिटं, यायला-जायला तासभर. वहीत तक्ता आखला होता, तोही रंगीत पेनांनी. त्या तक्त्यात रॉकेटच्या मर्जीचा रकानाच नव्हता.

21 ऑक्टोबर 2023, शनिवार. माणसं अवकाशात न्यायच्या गगनयानाची पहिली मोठी उड्डाण चाचणी, टीव्ही-डी1. वेळ सकाळी 8 ची. घरी घट बसलेले, अखंड दिवा सासूबाईंच्या भरवशावर सोडलेला आणि रविवारी अष्टमीला घरी पोचायचं कबूल केलेलं. म्हणून मी गुडूरहून त्याच दुपारची गाडी धरली होती. आठ वाजता उडणार, नऊला बाहेर, जेवून आरामात स्टेशनवर. आठचे साडेआठ झाले, कारण आभाळ भरलेलं होतं आणि पाऊस होता. साडेआठचे पावणेनऊ झाले. मग उलटी मोजणी पाच सेकंदांपर्यंत आली आणि थांबली. पाच सेकंद! रॉकेट जागच्या जागी. माइकवरून सांगितलं की यान सुरक्षित आहे, काय झालं ते तपासतो. मी घड्याळ पाहिलं. आजूबाजूची मंडळी डबे उघडून निवांत बसली होती. मी मुलीचा हात धरून उठले. "आज काही उडत नाही आता," असंही वर म्हणाले.

दहा वाजता उडालं. आम्ही तेव्हा सुल्लुरुपेट्याला चहाच्या टपरीवर होतो. लोक रस्त्यावर येऊन पूर्वेकडे पाहून राहिले होते, तिकडे नुसते ढग. माझ्या मुलीने गगनयानाची चाचणी चहावाल्याच्या मोबाइलवर पाहिली, सव्वा तास आधी ती लाँच पाहायच्या गॅलरीत बसलेली असताना. विजयवाड्यापर्यंत ती बोलली नाही. विजयवाडा गेल्यावर एवढंच म्हणाली, "आई, गाडी दुसरी मिळाली असती ना."

तर, तिकीट. परवाचं.

कोणी म्हणेल, एकदा झालं असेल असं. नाही राजेहो, हे होतंच. 30 डिसेंबर 2024 चं स्पेडेक्सचं (दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडायचा प्रयोग) उड्डाण दोन मिनिटांनी पुढे गेलं, रात्री 9:58 चे 10 झाले, कारण वाटेत दुसरा उपग्रह जवळ येण्याची शक्यता होती. आमचं दोन तासांनी गेलं. त्याच डिसेंबरच्या 4 तारखेला युरोपचे प्रोबा-3 उपग्रह उडायचे होते, उपग्रहातच काहीतरी खटकलं म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी 4:04 ला उडाले. चांद्रयान-2 ची वेळ 15 जुलै 2019 च्या पहाटे 2:51 होती. 56 मिनिटं 24 सेकंद उरलेली असताना मोजणी थांबली आणि ते 22 जुलैला दुपारी 2:43 ला गेलं. आणि जीएसएलव्ही-डी5 हे रॉकेट? 19 ऑगस्ट 2013 ला इंधनगळतीमुळे 74 मिनिटं आधी थांबवलं, उडालं 5 जानेवारी 2014 ला. म्हणजे उशीर दोन मिनिटांचा की साडेचार महिन्यांचा, आधी कळायला मार्ग नाही. साडेचार महिने थांबायला मी सांगत नाही. पण दोन मिनिटं, दोन तास आणि एक दिवस, एवढ्याची तरी सोय खिशात असू द्या. आठवडाभर पुढे गेलं तर नशीब म्हणायचं आणि घरी यायचं, त्यात तुमची चूक नाही. माझी होती.

एक दिवस पूर्ण मोकळा कशासाठी, दोन तास का पुरत नाहीत, हेही ऐका. वेळ गाठली नाही तर तासाभराने पुन्हा उडवू, असं प्रत्येक रॉकेटला चालत नाही. पृथ्वी फिरत असते. ज्या कक्षेत जायचं तिच्या बरोबर खाली आपला तळ येतो ती घटका कधी काही मिनिटांची असते, कधी त्याहून कमी. ती हुकली की थेट दुसऱ्या दिवशी. आमच्या चाचणीला अशी कक्षाच गाठायची नव्हती, थोडं वर जाऊन माणसं बसायची कुपी समुद्रात उतरवायची होती, म्हणून ते तासाभराने उडू शकलं. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी उठलेच नसते. तुम्ही ज्याला जाऊन राहिले ते कोणत्या जातीचं उड्डाण आहे, ते घरूनच वाचून जा.

आता तिकिटाचंच दुसरं टोक. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, लाँचची पक्की तारीख त्या मानाने फार उशिरा कळते. त्यामुळे जातानाचं तिकीट बहुतेक तत्काळमध्येच निघेल. आदल्या दिवशी एसीला सकाळी 10, स्लीपरला 11, फोन चार्ज करून बसा. परतीची मात्र दोन तिकिटं काढा, परवाचं आणि त्याच्या पुढच्या दिवशीचं. नको ते रद्द करा. थोडे पैसे कापतात. कापू द्या. ते पैसे वाचवायला गेले म्हणून मी आज हे लिहिते आहे.

नागपूरहून चेन्नई रेल्वेने साधारण अकराशे किलोमीटर, म्हणजे दुपारी बसलात तर दुसऱ्या सकाळी तिकडे. श्रीहरिकोट्याचं जवळचं स्टेशन सुल्लुरुपेटा, पण आपल्याकडून जाणारी प्रत्येक लांबची गाडी तिथे थांबेल असं समजू नका. कोणी गुडूरला उतरतं, कोणी चेन्नईला जाऊन 80 किलोमीटर उलटं येतं. चेन्नईचं केलंत तर अर्धा दिवस त्यातच गेला म्हणून धरा. पूर्वी हा भाग नेल्लोर जिल्ह्यात होता, 2022 पासून तिरुपती जिल्ह्यात आहे, नकाशात शोधताना गोंधळू नका.

आणि तिरुपती म्हटलं की घरातून आवाज येणार. आमच्याकडे आलाच. यंदा सासूबाई म्हणतात मीही येते, एवढं जायचंच तर बालाजी करून येऊ. करा, जरूर करा, पण लाँचच्या नंतर. आधी नाही. दर्शनाच्या रांगेला घड्याळ नसतं आणि रॉकेटलाही नसतं. अशा दोन गोष्टी एका सकाळीत बसवू नका. आधी देवच हवा असेल तर सुल्लुरुपेट्यालाच चेंगालम्मा देवीचं देऊळ आहे, मोठ्या मोहिमेआधी इस्रोचे प्रमुखही तिथे जाऊन येतात. तेवढ्यावर आईंना सध्या राजी केलं आहे.

नोंदणी. लाँच पाहायची गॅलरी 1 एप्रिल 2019 च्या उड्डाणापासून सामान्य लोकांसाठी उघडली, जागा साधारण पाच हजारांची. नोंदणी इस्रोच्या संकेतस्थळावर, उड्डाणाच्या काही दिवस आधी सुरू होते आणि भराभर भरते. जेवढी माणसं तेवढी नावं, लहान मुलांचीसुद्धा. ओळखपत्र मूळ न्या. मोबाइलमधल्या फोटोवर गेटवर वाद घालत बसायला त्या दिवशी वेळ नसतो. काय आत नेता येतं आणि काय नाही, ते नोंदणीच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं, वाचा ते.

छत्री. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे डोक्यावर ऊन, कूलर पुन्हा सुरू. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे भर पावसाळा, ईशान्येचा. आम्ही टोप्या घेऊन गेलो होतो आणि भिजून आलो. उन्हाळ्यात गेलात तर उलट, समुद्राची दमट हवा, नागपूरच्या कोरड्या 45 अंशांत वाढलेला माणूससुद्धा तिथे घामाने बेजार होतो. पाणी, टोपी, हे काय सांगायचं.

खायला दशम्या, तिखट पुऱ्या, चिवडा. जरा जास्तच न्या, कारण थांबावं लागणार. गॅलरीत शांतपणे डबे उघडणारी ती मंडळी मला अजून आठवतात. त्यांच्याकडे चिंचेचा भात होता आणि वेळ होता.

त्या दिवसाचा हिशेब असा. सुल्लुरुपेटा ते श्रीहरिकोटा 18 किलोमीटर, पण रस्ता एकच, पुलिकत सरोवराच्या मधून जाणारा, आणि सगळे एकाच वेळी निघतात. लाँचच्या चार तास आधी निघा. जास्त वाटतं ना? गेट, तपासणी, पार्किंग, पोट्ट्यांची लघवी, यात दोन तास जातात. लाँच पहाटे असेल तर (जानेवारी 2025 मधलं श्रीहरिकोट्याहून झालेलं शंभरावं उड्डाण सकाळी 6:23 चं होतं) आदली रात्र सुल्लुरुपेट्यातच काढा, चेन्नईत नको. संग्रहालय आणि रॉकेट गार्डन मिळून दोन तास, वाचत पाहणारं मूल असेल तर तीन. पण हे लाँचच्या गर्दीत कोंबू नका. मोकळा ठेवलेला दिवस असतो ना, तेव्हाचं ते. त्या दिवशी उघडं आहे का, ते मात्र आधी विचारून घ्या.

प्रत्यक्ष उड्डाण. आधी उजेड दिसतो, आवाज मागून येतो, किलोमीटरला तीन सेकंद या हिशेबाने. त्या सेकंदांत फोनमध्ये डोकं घालू नका, व्हिडिओ इस्रो काढते आणि तुमच्यापेक्षा बरा काढते. रॉकेट दोन-तीन मिनिटांत नजरेआड होतं, ढग असतील तर त्याआधीच. लगेच उठू नका. उपग्रह सुटा व्हायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात, पडद्यावर सगळं सांगतात, खरी टाळी तेव्हा पडते. आणि मोजणी थांबली, काहीही झालं, तरी "आज रद्द" असं माइकवरून स्पष्ट ऐकू येईपर्यंत जागा सोडायची नाही. टॅक्सीवाला हॉर्न वाजवू दे, नवरा घड्याळ दाखवू दे.

नंतर त्या एकाच रस्त्यावर गर्दी. दीड-दोन तास धरा. जेवण सुल्लुरुपेट्यात.

मोकळा दिवस वाया जातो म्हणणाऱ्यांसाठी: हिवाळ्यात पुलिकतला रोहित पक्षी येतात, गुलाबी थवेच्या थवे. जवळच नेलपट्टूला पेलिकन. किंवा बालाजी. किंवा झोपा.

संत्रा बर्फी नेली असेल तर टॅक्सीवाल्याला द्या, चार तास उभा राहतो बिचारा.

ओळखपत्रं, छत्र्या, डबे, आईंच्या गोळ्या, चार्जर. आणि तिकीट. परवाचं.