खेळ रचताना या चुका टाळा: नियम उसना घेण्याआधी त्यामागची अडचण ओळखा

पुण्यात पटावरचे किंवा मोबाईलवरचे खेळ तयार करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये लोकप्रिय खेळांतून वेचलेल्या नियमांची लांबलचक यादी हमखास सापडते, आणि तयार झालेला खेळ मात्र दोन डावांनंतर बाजूला पडतो. असे नियम म्हणजे खरे तर ‘पॅटर्न’ असतात, आणि पॅटर्न म्हणजे एखाद्या विशिष्ट अडचणीवर वारंवार लागू पडलेला तोडगा. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली घरे आणि शहरे यांच्या रचनेचे पॅटर्न मांडले, तेव्हा त्यांनी आधी अडचण आणि मग तोडगा असा क्रम ठेवला होता. पुढे सॉफ्टवेअर आणि खेळ यांच्या रचनेतही ही कल्पना रुजली. परंतु आपण तोडगा तेवढा उचलतो आणि अडचण मागेच ठेवतो.

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे अर्ध्या डावातच निकाल कळतो. समजा, मंडईतून माल उचलून तो शनिवार, नारायण आणि सदाशिव पेठेतील दुकानांपर्यंत पोचवण्याचा एक पट आहे. ज्याची पहिली खेप आधी पोचते त्याला पैसे मिळतात, त्या पैशांतून तो दुसरी हातगाडी घेतो, दोन हातगाड्यांमुळे त्याची कमाई दुप्पट होते आणि पाचव्या फेरीपर्यंत उरलेले तिघे केवळ उपचार म्हणून फासे टाकत राहतात. अशा वेळी नवखे रचनाकार मागे पडलेल्या खेळाडूला फुकट पैसे देऊन मोकळे होतात. त्यामुळे आघाडीवरच्याला आपली मेहनत वाया गेली असे वाटते आणि मागच्याला मिळालेल्या यशाची गोडी राहत नाही.

बालेवाडीला पुणेरी पलटणचा कबड्डी सामना पाहताना गुणफलकापेक्षा मैदानात किती गडी उरले आहेत याकडे लक्ष द्यावे. कबड्डीतही गडी बाद होत गेले की पकड करायला माणसे कमी पडतात, म्हणजे आघाडी घेणाऱ्याची ताकद आपोआप वाढते. परंतु बचाव करणाऱ्या संघाचे तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी चढाईपटूला पकडले, तर सुपर टॅकलचा एक गुण जादा मिळतो. आणि संपूर्ण संघ बाद झाला, तर प्रतिस्पर्ध्याला लोणाचे दोन गुण मिळतात, पण त्याच वेळी सातही गडी मैदानात परततात. मागे पडलेल्याला येथे दान मिळत नाही, तर अवघड कामगिरीचा मोबदला वाढवून मिळतो, आणि घसरण कोठे थांबणार हेही ठरलेले असते. मला सुपर टॅकलचा हा नियम खेळरचनेतील अत्यंत शहाणा नियम वाटतो. पेठांच्या पटावर तो आणायचा, तर एकच हातगाडी असलेल्या खेळाडूला बोळांतून जाणारी, जोखमीची पण चढ्या भाड्याची खेप उचलण्याची मुभा द्यावी.

कोणीच धोका पत्करत नसल्यामुळे खेळ रेंगाळत असेल, तर सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण मिळवण्याची सक्ती करणारा ‘डू ऑर डाय’ चढाईचा नियम अभ्यासावा. मात्र खेळाडूंचा वेळ नियम आठवण्यातच जात असेल, तर अशी सक्ती त्यांना आणखी गोंधळात टाकेल. तेथे नियम कमी करणे हाच उपाय आहे.

दुसरी मोठी चूक नशिबाच्या वाट्याबाबत होते. सोंगटी बाहेर काढण्यासाठी सहा पडण्याची अट ल्युडोतून सर्रास उचलली जाते. परंतु चार वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे ४८ टक्के असते, म्हणजे जवळजवळ निम्मे खेळाडू पहिल्या चार पाळ्या नुसते बसून काढतात. एक सोंगटी सुरुवातीलाच पटावर ठेवली, तर ही अडचण सुटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नशीब निर्णयाच्या आधी येते की नंतर, हे तपासावे. बदाम सातमध्ये पाने आधी वाटली जातात आणि मग ती कशी खेळायची, कोणते पान अडवून धरायचे, हे खेळाडू ठरवतो. म्हणून वाईट पानांचा डावही विचार करायला लावतो.

नवख्यांना सुरुवातीलाच सूचनांची पंधरा पाने वाचायला लावू नयेत. गल्लीतला कच्चा लिंबू सगळ्यांबरोबर पळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही, आणि खेळता खेळताच तो नियम शिकतो. मोबाईलवरच्या पहिल्या पातळीतही हेच साधावे.

शेवटाकडेही दुर्लक्ष होते. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत ‘पूना’ नावाने खेळल्या गेलेल्या बॅडमिंटनमध्ये पूर्वी केवळ सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत असे, त्यामुळे गुणफलक न हलताच खेळ लांबत जाई. २००६ साली प्रत्येक रॅलीला गुण देणारी २१ गुणांची पद्धत आली. तीत २०-२० नंतर दोन गुणांची आघाडी लागते, पण २९-२९ झाल्यास तिसावा गुणच निकाल लावतो. चुरस राखून खेळ अनंत न होऊ देणारी ही जोडी उसनी घेण्याजोगी आहे.

चाचणीच्या वेळी रचनाकाराने खेळाडूंच्या शेजारी बसून खुलासे करू नयेत. एखादी मुलगी पत्ता दोनदा उलटून पाहते, मग इतरांच्या चेहऱ्याकडे पाहते, तर त्या पत्त्यावरचा मजकूर चुकला आहे, असे समजून ते तेवढेच वहीत टिपावे. प्रत्येक डावात निम्म्या फेऱ्या झाल्यावर कोण पुढे होते आणि अखेरीस कोण जिंकले, हेही लिहून ठेवावे. दुरुस्ती करताना एका वेळी एकच नियम बदलावा आणि बदललेला खेळ जुन्या गटाबरोबरच तो कधीही न पाहिलेल्या गटाकडूनही खेळवून घ्यावा, कारण जुना गट चुकीचा नियमही सवयीने सांभाळून घेतो.