ईस्टरच्या सुट्टीत पुण्यातच थांबलात तर काय काय करता येईल

गुड फ्रायडे जवळ आला की अर्धं पुणं एक्सप्रेसवेला लागतं आणि खंडाळ्याच्या घाटात गाडी न्यूट्रलला टाकून बसतं, उरलेले पसरणीच्या घाटात महाबळेश्वरला जायला. त्यामुळे माझा सरळ सल्ला, हे तीन दिवस कुठे जाऊच नका. गाव रिकामं असतं, एरवी ज्या रस्त्यावर अर्धा तास जातो तिथे दहा मिनिटात पोचता, आणि ईस्टर खरं तर पुण्यात बघण्यासारखा असतो हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहितीच नसतं कारण आपण कॅम्पात जातो ते फक्त खरेदीला.

आधी तारखांचं बघून घ्या. ईस्टर म्हणजे 21 मार्चच्या पुढे जी पौर्णिमा येते तिच्यानंतरचा पहिला रविवार, त्यामुळे दरवर्षी सरकतो, कधी होळीनंतर लगेच येतो कधी हनुमान जयंतीच्या आसपास. 2026 ला हनुमान जयंती 2 एप्रिलला, गुड फ्रायडे 3 ला आणि ईस्टर 5 ला. 2027 ला 26 आणि 28 मार्च. सुट्टी फक्त शुक्रवारची असते, बँका पण त्या दिवशी बंद, पण ईस्टर मंडे वगैरे आपल्याकडे काही नाही, सोमवारी गपचूप ऑफिस.

आणि ऊन. पुण्यात या दिवसात दुपारी 38-40 सहज होतं, त्यामुळे अख्खा प्लॅन उन्हावर बेतायचा, सकाळी अकरापर्यंत बाहेर, दुपारी कुठल्यातरी दगडी इमारतीत नाहीतर घरी पंख्याखाली, आणि साडेपाचनंतर परत बाहेर. हे पाळलं नाही तर पोरं किरकिर करतात आणि मग मोठी माणसं पण करतात.

शुक्रवार चर्चसाठी ठेवा. येशूला क्रुसावर चढवलं तो हा दिवस, दुःखाचा असतो त्यामुळे ओळखीच्या ख्रिश्चन लोकांना 'हॅप्पी गुड फ्रायडे' असा मेसेज टाकू नका, दरवर्षी कोणीतरी टाकतंच. शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी, ईस्टरला, येशू पुन्हा जिवंत झाला त्या आनंदात. प्रोटेस्टंट चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी दुपारी 12 ते 3 मोठी उपासना असते, कॅथलिक चर्चमध्ये साधारण 3 च्या सुमाराला, कारण येशूचे प्राण त्या वेळी गेले असं मानतात. कॅथलिकांकडे या दिवशी नेहमीचा मास (म्हणजे त्यांची मुख्य उपासना) होतच नाही, अल्टर म्हणजे पुढची वेदी पूर्ण उघडी केलेली असते, आणि घंटा तर गुरुवार रात्रीपासून शनिवार रात्रीपर्यंत बंद. नेमक्या वेळा चर्चच्या बाहेर बोर्डावर लावतात, आदल्या दिवशी जाताजाता फोटो काढून ठेवा म्हणजे झालं.

कुठल्या चर्चला जायचं म्हणाल तर मी पहिलं नाव पंचहौदचं घेईन. गुरुवार पेठेत, पेठांच्या अगदी मधोमध, 1885 चं बांधकाम, त्याचा तो उंच मनोरा आपण रस्त्यावरून शंभर वेळा बघितलेला असतो पण आत कोणी जात नाही. इथे मराठीतून उपासना असते, त्यामुळे काय चाललंय ते कळतं तरी. आणि ही तीच पंचहौद मिशन जिथे 1890 मध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळींनी मिशनऱ्यांकडचा चहा घेतला (काहींनी नुसता कप हातात धरला म्हणे) आणि नंतर कोण कोण चहा प्यायलं त्याची नावं छापून आली आणि गावात एवढा गोंधळ झाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, लोकांना प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कप चहावरून! पुणं तेव्हापण असंच होतं.

तिथून क्वार्टर गेटला सिटी चर्च जवळच आहे, त्याची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी 1792 मध्ये दिली, पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज कॅथलिक अधिकारी होते त्यांच्यासाठी. कॅम्पात सेंट मेरीज आहे, 1825 चं, इंग्रजांच्या छावणीचं चर्च. एम्प्रेस गार्डनजवळ सेंट पॅट्रिक्स, हे पुण्याच्या कॅथलिक बिशपचं मुख्य चर्च. सगळी एका दिवसात करू नका, दोन बास.

आत जाताना काय करायचं असं लोक विचारतात. काही विशेष नाही हो, देवळात जाताना जसं जातो तसं, अंग झाकलेले कपडे, मोबाईल सायलेंट, मागच्या बाकावर बसायचं. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, गुडघे टेकले नाहीत तरी कोणी काही म्हणत नाही. फक्त कम्युनियन घ्यायला लोक रांगेत जातात तेव्हा आपण जागेवरच बसून राहायचं, तो प्रसाद सगळ्यांना वाटायचा नसतो, हे माहिती नसल्यामुळे आपले लोक भक्तिभावाने रांगेत जाऊन उभे राहतात. आणि उपासना चालू असताना फोटो नको, प्लीज.

शनिवारी सकाळी कॅम्प. लवकर निघा, नऊच्या आत, कारण नंतर पार्किंग मिळत नाही आणि ऊन पण चढतं. ईस्ट स्ट्रीटला कयानी बेकरी, 1955 पासूनची, श्रूजबेरी बिस्किटं आणि मावा केक. दुपारी ती बंद असते हे पुणेकराला सांगायला नको पण पाहुण्यांना आधीच सांगा नाहीतर तोंड पाडून परत येतात. रविवारच्या भरवशावर ठेवू नका, शनिवारी सकाळीच घेऊन टाका. कॅम्पातल्या बेकऱ्यांमध्ये गुड फ्रायडेला हॉट क्रॉस बन मिळतात, वर क्रॉस काढलेला गोडसर मसालेदार पाव, ते आदल्या दिवशीच सांगून ठेवलेले बरे. मार्झिपॅनची (बदाम-साखरेच्या लगद्याची) ईस्टर एग्ज पण असतात काही ठिकाणी, दिसायला फार छान, खायला मला तरी अति गोड वाटतात, पोरांना मात्र आवडतात. मग एमजी रोडला मार्झोरिनमध्ये सँडविच आणि घरी.

वाटेत लाल देऊळ बघून घ्या, म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, 1867 चं, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं, त्यांची कबर पण तिथेच आहे. ईस्टरच्या आसपास ज्यूंचा पासओव्हर हा सण असतो, 2026 ला तर तो त्याच आठवड्यात येतोय. आत सोडतीलच असं नाही, आधी परवानगी आणि ओळखपत्र लागतं, पण बाहेरून तो विटांचा लाल मनोरा बघितला तरी चालतं.

दुपारी जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर हा माझा हुकमी एक्का आहे. आठव्या शतकातलं, अख्खं एका खडकात कोरलेलं, बाहेर रस्ता तापलेला असताना आत गारवा असतो. नाहीतर केळकर म्युझियम, दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या आठवणीत, राजाच्या नावाने केलेलं. अडकित्ते, दिवे, वाद्यं, आणि एक आख्खा मस्तानी महाल, दोन तास आरामात जातात. शनिवारवाडा मात्र दुपारी अजिबात नको, सावलीच नाही. आगाखान पॅलेसला सावली आणि बाग दोन्ही आहे, कस्तुरबा गेल्या ती जागा, 22 फेब्रुवारी 1944, त्यांची आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाईंची समाधी आवारातच. तिथे जायला मेट्रोने कल्याणीनगरला उतरा आणि पुढे रिक्षा.

शनिवारी रात्री जागायची तयारी असेल तर कॅथलिक चर्चमधली व्हिजिल (ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना) चुकवू नका, माझ्या मते तीन दिवसातला सगळ्यात देखणा कार्यक्रम हाच. सगळे दिवे बंद, बाहेर अंगणात आग पेटवतात, तिच्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात आणि मग ती ज्योत एकाकडून दुसऱ्याकडे करत करत सगळ्यांच्या हातात जाते, पुढे दिवे लागतात आणि इतका वेळ बंद असलेल्या घंटा वाजतात. लांब चालतो, छोट्या पोरांना घेऊन जाणार असाल तर जेवूनच जा.

रविवारी पहाटे ज्यांना चर्चला जायचं नाही त्यांनी वेताळ टेकडी नाहीतर पर्वती गाठावी, सहाला वर असाल तर आठला खाली. सिंहगड रविवारी नको, घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते, पिठलं भाकरी आणि दह्याची एवढीच ओढ असेल तर शुक्रवारी भल्या पहाटे जा.

सोसायटीत पोरं असतील तर अंडी शोधायचा खेळ करा, हॉटेलातल्या ईस्टर ब्रंचला भरमसाठ पैसे घालवण्यापेक्षा हे केव्हाही भारी. पांढरी अंडी आणायची, भाजीवाल्याकडून कांद्याची सालं फुकट मागून घ्यायची, पाण्यात सालं आणि चमचाभर व्हिनेगर टाकून त्यातच अंडी 12-15 मिनिटं उकडायची, मस्त विटकरी रंग येतो. हळदीने पिवळा, बीटाने गुलाबी. थोडं तेल पुसलं की चमकतात. सकाळी आठच्या आत बागेत लपवा, आणि किती लपवली ते लिहून ठेवा नाहीतर एखादं कुंडीमागे राहतं आणि चार दिवसांनी सेक्रेटरी वास घेत फिरतो. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त, आणि कडक उन्हात तासाभरापेक्षा जास्त राहिलेली खायची नाहीत, बाकीची लगेच फ्रीजमध्ये, संध्याकाळी त्यांचीच अंडाकरी करा, बरोबर आदल्या दिवशीचे पाव असतीलच.