समुद्री सूक्ष्मशैवालांना रासायनिक संकेत देताना या चुका टाळा

कोपेपॉड हे समुद्रातले इवलेसे चरणारे प्राणी. ते पाण्यात कोपेपोडामाइड नावाचे स्निग्ध रेणू सोडतात. त्यांची चाहूल लागताच स्केलेटोनेमा या डायटमच्या (सिलिकाचे कवच असलेल्या सूक्ष्मशैवालाच्या) साखळ्या आखूड होतात आणि अलेक्झांड्रियम हे दुसरे सूक्ष्मशैवाल जास्त विष तयार करू लागते. यासाठी पिकोमोलर ते नॅनोमोलर मात्रा पुरते. पिकोमोलर म्हणजे लिटरमागे एका मोलचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या सूक्ष्म संकेताला दाद देणारी पेशी फ्लास्कला चिकटून राहिलेल्या साबणालाही दाद देणारच. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी असा प्रयोग मांडताना बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. पेशींनी काहीतरी केलेले असते खरे, पण ते संकेतामुळे केले की दुसऱ्याच कशामुळे, हे सांगता येत नाही.

पाणी

आपल्याकडे समुद्राचे पाणी चोर्ला किंवा आंबोली घाट चढून येते. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाजवळ भरलेले पाणी निम्मे गोडे असू शकते. त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचे उपकरण) आधी डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा, मग क्षारता मोजा. ती ३३ ते ३५ (किलोमागे ग्रॅम क्षार) असावी. कमी भरली तर सिंथेटिक सी-सॉल्ट घालून वाढवा. स्वयंपाकाचे मीठ नको. त्यात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेली रसायने असतात, शिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम जवळजवळ नसते. सिंथेटिक मीठ राकसकोप जलाशयातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात विरघळवू नका, कारण त्यात क्लोरीन असते. अथणी-चिकोडीकडच्या बोअरचे पाणी जड असते. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणीच घ्या.

पाणी ०.४५ आणि नंतर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा). तळाशी पांढरा गाळ दिसला तर पोषकद्रव्ये आधीच घातली गेली होती का ते तपासा. एफ/२ या शैवाल वाढवायच्या माध्यमाचे स्टॉक (तीव्र द्रावणे) वेगवेगळे ठेवा : नायट्रेट ७५ ग्रॅम, फॉस्फेट ५ ग्रॅम आणि डायटमसाठी सोडियम सिलिकेट ३० ग्रॅम प्रतिलिटर. पाणी थंड झाल्यावर प्रत्येकाचा १ मिलि दर लिटरला घाला, मग ट्रेस धातू. जीवनसत्त्वे गाळूनच निर्जंतुक करून सर्वांत शेवटी. ऑटोक्लेव्हमध्ये कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो, म्हणून पाणी रात्रभर ठेवा आणि ८.० ते ८.२ वर आले की वापरा.

जीव चुकीचा निवडणे

रसायनाकडे ओढ दाखवायची आणि जीव घेतला किटोसिरॉस हा डायटम, हे वरचेवर दिसते. किटोसिरॉसला कशाभिका (पोहण्यासाठीचे चाबकासारखे धागे) नाहीत, त्याला पोहता येत नाही. स्लाइडवर तो सरकताना दिसला तर तो दिव्याच्या उष्णतेने उठलेला प्रवाह असतो. पोहणारा हवा तर टेट्रासेल्मिस (चार कशाभिका) किंवा ड्युनालिएला (दोन) घ्या. मात्र हे दोघे उजेडाकडेही धावतात. टेबल खिडकीशेजारी असेल तर तुमचे रसायन कुठल्या बाजूला आहे याला काही अर्थ उरत नाही. मंद लाल उजेडात पाहा, आणि रसायन भरलेल्या केशनळीची दिशा फिरवून तोच प्रयोग पुन्हा करा.

द्रावक आणि मात्रा

सर्वांत जास्त प्रकल्प इथे फसतात. जखमी डायटममधून डेकाडायएनालसारखे अल्डिहाइड बाहेर पडतात. ते लागले की फिओडॅक्टिलम या डायटमच्या पेशीत कॅल्शियम वाढते, मग नायट्रिक ऑक्साइड तयार होते. जास्त मात्रेत पेशी मरते, कमी मात्रा मिळालेली पेशी पुढच्या माऱ्याला अधिक टिकते (हे काम २००६ साली प्रसिद्ध झाले). एकाच रसायनाचे दोन उलटे परिणाम असल्यामुळे एकाच मात्रेवर प्रयोग करून काहीच सिद्ध होत नाही. १ ते १०० मायक्रोमोलरच्या दरम्यान निदान पाच पायऱ्या ठेवा.

डेकाडायएनालचा रेणुभार १५२.२ आहे. १० मिलिमोलर स्टॉकसाठी १० मिलि डीएमएसओत (हा द्रावक) १५.२ मिग्रॅ लागते, म्हणजे सुमारे १७.५ मायक्रोलिटर. बाटलीवर शुद्धता ८५ टक्के लिहिली असेल तर २०.५ मायक्रोलिटर घ्या. हा फरक हमखास विसरला जातो. या स्टॉकचे १० मायक्रोलिटर १० मिलि कल्चरमध्ये घातले की १० मायक्रोमोलर होते आणि द्रावक ०.१ टक्का राहतो. त्यापुढे द्रावक नको. १०० मायक्रोमोलरसाठी स्टॉकच दहापट तीव्र करा, थेंब वाढवू नका. प्रत्येक फ्लास्कमध्ये द्रावक सारखाच पडला पाहिजे. कंट्रोलही (तुलनेसाठी रसायनाशिवाय ठेवलेले फ्लास्क) दोन हवेत : एक नुसता, एक द्रावक घातलेला. इथेनॉल टाळलेले बरे. कल्चरमधले जिवाणू ते खाऊन फोफावतात आणि दोन दिवसांनी तुम्ही जिवाणूंचाच परिणाम मोजत बसता.

पेशींची घनताही लिहून ठेवा. मिलिलिटरमध्ये एक लाख पेशी असताना आणि दहा लाख असताना तेच १० मायक्रोमोलर दर पेशीला सारखे मिळत नाही. असे स्निग्ध रेणू प्लॅस्टिकला चिकटतात, म्हणून काचेच्या कुप्या वापरा. त्या सौम्य आम्लाने धुऊन डिस्टिल्ड पाण्याने बऱ्याच वेळा खळबळाव्यात.

अर्क आणि 'वापरलेले पाणी'

पानांचा अर्क डिस्टिल्ड पाण्यात काढून १० मिलि अर्क १०० मिलि कल्चरमध्ये ओतला की क्षारता ३५ वरून ३१.८ वर येते. शिवाय तपकिरी रंग उजेड अडवतो. वाढ खुंटली तर श्रेय कडुनिंबाला देऊन मोकळे होऊ नका. अर्क समुद्राच्याच पाण्यात काढा.

दुसऱ्या शैवालाचे गाळलेले पाणी घातल्यावरही वाढ मंदावते, बहुधा त्यातले नायट्रेट-सिलिकेट संपलेले असते आणि पीएच ९ च्या वर गेलेला असतो. पोषकद्रव्ये भरून काढा, पीएच जुळवा, मगच तुलना करा. कोपेपॉड ठेवलेल्या पाण्यात याच्या उलट घडते. त्यातल्या अमोनियामुळे शैवाल वाढते, म्हणून तेवढेच अमोनियम घातलेला कंट्रोल हवा. विहिरीतले सायक्लॉप्स (हेही कोपेपॉडच, पण गोड्या पाण्यातले; नारूमुळे जुन्या लोकांना ते ठाऊक आहेत) इथे चालत नाहीत. खाऱ्या पाण्यात ते मरतात आणि त्यांचे कुजणेच मोजले जाते.

मोजणी

साखळीची लांबी मोजायची असेल तर फ्लास्क जोरात हलवू नका, बारीक तोंडाच्या पिपेटने ओढूही नका. साखळ्या तुमच्याच हातून तुटतात. रुंद तोंडाचे पिपेट घ्या. न्यूबावर चेंबरमध्ये (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच) चार कोपऱ्यांच्या मोठ्या चौकोनांची सरासरी गुणिले १०,००० म्हणजे मिलिलिटरमधल्या पेशी. एकूण ४०० पेशी मोजल्या तर चूक साधारण १० टक्क्यांच्या आत राहते. एकाच फ्लास्कची तीनदा मोजणी म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. फ्लास्कच तीन लागतात.

नमुने रोज एकाच वेळी घ्या, कारण पेशीविभाजन उजेड-अंधाराच्या चक्राशी बांधलेले असते. करंट गेला आणि टायमर मागे पडला तर नोंदवहीत लिहा, नाहीतर तो बदलही संकेताच्या खात्यात जमा होतो. कल्चर वाढीच्या वेगवान टप्प्यातलेच घ्या. स्केलेटोनेमा म्हातारे झाले की स्वतःच जास्त अल्डिहाइड तयार करू शकते.

कंट्रोलच मरत असेल तर आधी क्षारता, मग पीएच, मग सिलिकेट घातले होते का, आणि त्यानंतर फ्लास्क धुण्याची पद्धत तपासा. थॅलासिओसायरा स्यूडोनाना ही डायटम असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाचा स्टॉक ताजा करा, तिला ते बाहेरूनच लागते. फिओडॅक्टिलमला लागत नाही.