तलंगा अंड्यावर येताना: आधी वजन, मग उजेड

श्रावण-भाद्रपदात आणलेली कोंबडीची पिल्लं संक्रांतीच्या सुमारास पाच महिन्यांची होतात. तुरा लाल होतो, आणि पाठीवर हात ठेवला की तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, पंख किंचित पसरून खाली बसते. पहिलं अंडं आता जवळ आलं, याची ही खूण. थंडीत अंड्याला उठाव असतो, म्हणून अंडी लवकर यावीत यासाठी याच दिवसांत शेडमध्ये घाईघाईने बल्ब लागतात. आणि मग दोन-तीन आठवड्यांत फोन येतात: "कालपर्यंत ठणठणीत होती, आज सकाळी मागून अंग बाहेर आलंय, बाकीच्यांनी टोचून रक्तबंबाळ केलंय."

कोंबडीची डाव्या बाजूचीच अंडनलिका कामाची असते. अंडं घालताना तिचं टोक क्षणभर बाहेर येतं आणि लगेच आत जातं. तलंग अंगाने भरलेली नसेल, किंवा उलट पोटात चरबी साठली असेल, तर त्या पहिलटकरणीला हे झेपत नाही. त्यात दोन बलकांचं मोठं अंडं आलं की टोक बाहेरच राहतं. ओलं, लाल मांस दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचायला धावतात. पहिल्या काही अंड्यांवर रक्ताची बारीक रेघ असेल तर घाबरू नका. पण रोज चार-पाच अंड्यांवर रक्त दिसू लागलं, तर त्याच दिवशी शेडमध्ये वाकून एकेकीचं मागचं अंग तपासा.

म्हणून आधी तराजू, मग बल्ब. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, सकाळचं खाद्य टाकण्याआधी, दहातली एक तलंग उचलून वजन करा. पांढऱ्या लेअरची (खास अंड्यांसाठी पाळायच्या जातीची) तलंग 18 आठवड्यांना सव्वा किलोच्या आसपास हवी. ग्रामप्रिया, वनराजा या परसातल्या जाती अंड्यावर उशिरा येतात, साडेपाच-सहा महिने धरा, आणि त्यांचं वजन त्यांच्याच तक्त्याशी ताडून बघा. नुसती सरासरी बघून फसू नका. 100 पैकी निदान 80 पक्षी सरासरीच्या 10 टक्के इकडेतिकडे असावेत. मागे पडलेल्या वेगळ्या काढा, त्यांना खाद्याच्या भांड्यापाशी मोकळी जागा द्या.

आपल्याकडे डिसेंबरअखेर दिवस साधारण 11 तासांचा असतो, नंतर तो आपोआप वाढतो. वाढता उजेड म्हणजे तलंगेच्या शरीराला अंड्याचा सांगावा, मग वजन भरलेलं असो वा नसो. एकदम 16 तास उजेड केला तर कच्च्या अंगावर अंडी सुरू होतात. वजन भरल्यावर आठवड्याला अर्धा तास वाढवत न्या, 16 तासांवर थांबा, आणि एकदा अंडी सुरू झाली की उजेड कमी करू नका. बल्ब मंदच ठेवा. प्रखर उजेडात टोचाटोची वाढते.

खाद्यातही अशीच घाई होते. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. ग्रोअर खाद्यात, म्हणजे वाढत्या तलंगांच्या खाद्यात, ते जेमतेम 1 टक्का असतं, म्हणजे 100 ग्रॅम खाऊनही एका अंड्याची भरपाई होत नाही. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते, अंडं मऊ कवचाचं येतं, किंवा आतच अडकतं. पण लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, जास्त कॅल्शियमचं) खूप आधीपासून दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. पहिल्या अंड्याआधी साधारण दोन आठवडे 2 ते 2.5 टक्के कॅल्शियमचं प्री-लेअर खाद्य द्या, अंडी सुरू झाली की 3.5 ते 4 टक्क्यांचं. कवच मुख्यतः रात्री बनतं, म्हणून शिंपल्याची भरड संध्याकाळी टाका. परसातल्या कोंबड्यांना मूठ-मूठ बाजरी-मका देण्याचा मोह आवरा. त्याने चरबी चढते.

जंत औषध आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस अंडी सुरू व्हायच्या आत उरकून घ्या. अंड्यासाठी डबे किंवा टोपल्या आधीच अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, चार-पाच कोंबड्यांमागे एक.

अंग बाहेर आलेली कोंबडी दिसताच उचला, अंधाऱ्या खोक्यात एकटी ठेवा. जखम ताजी आणि थोडी असेल तर कोमट स्वच्छ पाण्याने धुवा, बोटाला तेल लावून हळूच आत सारा. पुन्हा बाहेर आलं तर डॉक्टरांना दाखवा. फाटलेलं, काळपट पडलेलं असेल तर घरी हात लावू नका. अंडं अडकलं असेल तर कोंबडी फुगून कोपऱ्यात बसते, वरचेवर जोर करते. अर्धा तास कोमट पाण्यात पोट शेकवा, गुदद्वाराला तेल लावा. आतलं अंडं दाबून फोडायचं नाही, कवचाच्या तुकड्यांनी नलिका चिरते.

आणखी एक प्रकार ध्यानात असू द्या. तुरा लाल, पोट भरलेलं, डब्यात जाऊन बसते, पण अंडं नाही. पिल्लूपणी झालेल्या ब्राँकायटिसने (श्वासाच्या संसर्गजन्य रोगाने) अंडनलिका कायमची बिघडलेली असू शकते. पोट लोंबून बदकासारखी चालत असेल तर आत पाणी किंवा बलक साठला असण्याचा संभव आहे. अशा कोंबडीवर औषधाचा खर्च करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि पुढच्या बॅचची पिल्लं घेताना ब्राँकायटिसची लस दिली आहे का, हे हॅचरीत विचारून वहीत लिहून ठेवा.