धुऱ्यावरची नोंदवही: मान्सूनचे वारे आणि उपसागरातील वादळे यांचा माग कसा काढावा

विदर्भाला समुद्रकिनारा नाही, तरी आपल्या खरिपाचे भवितव्य बऱ्याच अंशी बंगालच्या उपसागरात ठरते. तेथे तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रे ओडिशाचा किनारा ओलांडून छत्तीसगडमार्गे पश्चिम-वायव्येकडे सरकतात आणि आपल्याकडची मोठी झड बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच लागते. ओडिशाच्या किनाऱ्यापासून नागपूर सुमारे 700 किलोमीटर आहे आणि एवढे अंतर कापायला अशा क्षेत्राला साधारणपणे दोन ते तीन दिवस लागतात. त्या दोन-तीन दिवसांत आपल्या वावरावरचा वारा एका ठरावीक क्रमाने दिशा बदलतो. तो क्रम लिहून ठेवला, तर ते क्षेत्र आपल्या उत्तरेकडून जात आहे की दक्षिणेकडून, हे धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभे राहूनही ओळखता येते.

त्यासाठी पहिली गरज दिशादर्शकाची. घरे आणि झाडे यांच्यापासून दूर, मोकळ्या धुऱ्यावर एक उंच, सरळ बांबू रोवावा आणि त्याच्या टोकाला सुती कापडाची हलकी, लांब पट्टी बांधावी. बांबूच्या बुडाशी आठ दिशांचे दगड मांडावेत. उत्तर दिशा ठरवताना दुपारच्या सावलीवर विसंबू नये, कारण मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली नावापुरतीच पडते. स्वच्छ रात्री ध्रुवतारा पाहून उत्तरेचा दगड पक्का करावा. आपल्या भागात तो क्षितिजापासून सुमारे 21 अंशांवर दिसतो. वारा ज्या दिशेकडून येतो त्या दिशेचे नाव त्याला द्यावे. पट्टी पूर्वेकडे फडफडत असेल, तर तो पश्चिमेचा वारा. नवीन माणसाची चूक बहुतेक इथेच होते आणि मग पूर्ण वहीच उलटी भरली जाते.

नोंदीच्या वेळा सकाळी 8:30 आणि सायंकाळी 5:30 अशा ठेवाव्यात. हवामान खात्याची निरीक्षणेही या वेळांना होतात, त्यामुळे तुलना सोपी जाते. पण खरे कारण हवेच्या दाबाचे आहे. हवेचा दाब दिवसातून दोनदा आपोआप चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो जास्त असतो, तर पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. वादळाचा मागमूस नसतानाही सकाळ आणि दुपार यांच्या आकड्यांत तीन-चार हेक्टोपास्कलचा (हे दाब मोजण्याचे एकक) फरक पडू शकतो. म्हणून आजच्या सकाळची तुलना फक्त कालच्या सकाळशीच करावी. काही मोबाइलमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो. तो असल्यास फोन रोज एकाच जागी ठेवून आकडा घ्यावा. आपण समुद्रसपाटीपासून उंचावर असल्याने हा आकडा बातम्यांतल्या आकड्यापेक्षा बराच कमी येईल. त्याची चिंता करू नये, आपल्याला केवळ चढउतार हवा आहे. चोवीस तासांत दोन-तीन हेक्टोपास्कलची घट झाली, तर वहीत तिच्याखाली रेघ मारावी.

पावसासाठी सरळ कडांचा डबा पुरतो. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर तो सपाट ठेवावा, सकाळी 8:30 ला पट्टीने खोली मोजावी आणि डबा रिकामा करावा. 64.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत मुसळधार.

आता वाचनाकडे वळू. बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने 1857 मध्ये मांडलेला नियम आपल्याला इथे उपयोगी पडतो: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाब डाव्या हाताला असतो. जमिनीवर घर्षणामुळे तो डावीकडे पण थोडा समोर असतो. पावसाळ्यात आपल्याकडचा नेहमीचा वारा नैऋत्य ते वायव्य यांच्या दरम्यान राहतो. उपसागरातून क्षेत्र जवळ येऊ लागले, की तो वायव्येकडे आणि कधी उत्तरेकडे झुकतो, आणि दाब उतरू लागतो. पुढे वारा उत्तरेकडून पश्चिमेला आणि मग दक्षिणेला वळला, तर केंद्र आपल्या उत्तरेकडून गेले. मान्सूनमधील अशा क्षेत्रांचा सर्वांत जोरदार पाऊस बहुधा त्यांच्या नैऋत्य भागात पडतो, म्हणजेच आपल्यावर. आणि तो केंद्र पुढे निघून जाण्याच्या आधीच सुरू होतो. म्हणून वायव्येचा वारा आणि उतरता दाब अशी जोडी दिसली, की फवारणी आणि खत देणे थांबवावे आणि वावरातले पाणी काढून देणारे चर मोकळे करावेत. वारा दक्षिणेचा झाला आणि दाब चढू लागला, तर मोठा जोर ओसरल्याचे समजावे.

याउलट वारा उत्तरेकडून पूर्वेला आणि मग आग्नेयेला फिरला, तर केंद्र दक्षिणेकडून जात आहे. अशा क्षेत्राला निरुपद्रवी मात्र समजू नये. 26 सप्टेंबर 2021 रोजी आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर धडकलेले गुलाब चक्रीवादळ क्षीण होत तेलंगण आणि मराठवाड्याच्या बाजूने पश्चिमेकडे गेले. 28 तारखेला यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात पुराच्या पाण्यातून जाणारी बस वाहून गेली. त्याच वादळाचे अवशेष पुढे अरबी समुद्रात शाहीन नावाने पुन्हा उभे राहिले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओमानपर्यंत पोहोचले. पश्चिम पॅसिफिकमध्ये ज्यांना टायफून म्हणतात, त्यांचेही अवशेष कधी कधी इंडोचीन (व्हिएतनाम, लाओस, कंबोडियाचा भूभाग) ओलांडून आपल्या उपसागरात येतात. म्हणून वाऱ्याचा क्रम सुरू होण्याआधीच उपसागराच्या बातम्यांवर नजर असावी.

एक सावधगिरी आवश्यक आहे. गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी गार हवा काही मिनिटे वाटेल त्या दिशेने वाहते. तो बदल मुख्य रकान्यात न लिहिता शेऱ्यात लिहावा. गडगडाट ऐकू येत असेल, तर बांबूजवळ जाऊच नये. नोंद चुकली तरी चालेल.

मृग लागला आणि एक सर आली, एवढ्यावरून मान्सून आल्याचे ठरवू नये. दुबार पेरणीचे संकट अनेकदा या घाईतून येते. पश्चिमेचा दमट वारा सलग काही दिवस टिकला का, हे वहीत पाहावे आणि आभाळाचे दोन थर न्याहाळावेत. मान्सून स्थिरावल्यावर खालचे ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतात, तर खूप उंचावरचे पांढरे तंतुमय ढग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. मला हे चिन्ह सर्वांत विश्वासाचे वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा जोरात वाहूनही पाऊस नसेल, तर मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा बहुधा हिमालयाच्या पायथ्याशी सरकलेला असतो. तो खंड काही दिवस चालू शकतो. डवरणी (कोळपणी) त्या काळात उरकावी.

ही वही नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अंदाजाला पर्याय नाही. अंदाज जिल्ह्यासाठी असतो, वही आपल्या वावरासाठी. म्हणून रोजच्या नोंदीशेजारी त्या दिवसाचा अंदाजही लिहावा आणि महसूल मंडळाच्या केंद्रावर नोंदलेला पाऊस नंतर भरावा. ऑक्टोबरमध्ये वारा ईशान्येकडे वळून आभाळ निवळले, तरी वही नोव्हेंबरअखेरपर्यंत चालू ठेवावी, कारण त्या महिन्यांतही उपसागरात चक्रीवादळे तयार होतात आणि तेव्हा कापूस बोंडातून फुटलेला असतो.