म्हातारं झोपतंय कुठं? विद्यार्थी फिल्मच्या सेटवर या चुका टाळा

बेळगावच्या वडगावातल्या एका घरात आम्ही दहा मिनिटांची फिल्म करत होतो. गोष्ट माग विकून टाकलेल्या म्हाताऱ्या विणकराची. खोली मिळाली आणि आम्ही सुटलोच. कुणाच्या मामाकडून पितळी घंगाळ आलं, कुणाच्या आजोळाहून जातं. कंदील, फिरकीचा तांब्या, कोनाड्यात पणती. कॅमेऱ्यातून बघितलं तर झकास! मग घरमालकीण चहा घेऊन आल्या, चौफेर बघितलं आणि म्हणाल्या, "मांडलासा झ्याक, खरं म्हातारं झोपतंय कुठं? आन् गोळ्या कुठं ठेवतंय?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. खोलीत जुनेपणा भरपूर होता, म्हातारा कुठेच नव्हता. त्या रात्री निम्म्याहून जास्त सामान परत बांधलं.

ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: वस्तू पात्रासाठी न निवडता 'गावाकडचा फील' येण्यासाठी निवडणं. पितळी घंगाळ एखाद्या हॉटेलच्या दारातही असतं. ते कुणाबद्दलच काही सांगत नाही. माणूस कळतो तो वस्तूशी त्यानं काय केलंय त्यावरून. म्हणून यादी करताना 'खोलीत काय काय असेल' हा प्रश्नच सोडा. या माणसाची कुठली वस्तू मोडली, ती त्यानं कशी सांधली, आणि हात लांबवला की सापडेल अशी कुठली वस्तू तो जवळ ठेवतो, ते विचारा. उत्तर येत नसेल तर दोष सामानात नाही, पटकथेत आहे. आधी तिकडे जा.

आमच्या विणकराबद्दल काही सांगणाऱ्या शेवटी दोनच वस्तू उरल्या. एक, लाकडी धोटा, विणताना आडवा धागा इकडून तिकडे नेणारा. दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, मधला भाग हाताच्या घामानं काळपट गुळगुळीत. तो आम्ही शोभेसाठी भिंतीवर टांगला नाही, लाइट बिलांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवला. दुसरी, चष्मा. एक काडी बिजागरीपाशी तुटलेली आणि पिवळ्या रेशमी धाग्यानं गुंडाळलेली. गुंडाळी अशी घट्ट आणि एकसारखी, की गाठ कुठे मारली ते दिसत नाही. माग गेला, पण बोटांची सवय गेली नाही, हे सांगायला आधी अर्धा पानभर संवाद लिहिला होता. तो काढून टाकला. काडी गुंडाळून घेतली होती त्या घरमालकिणींच्या दिरांकडूनच. आमच्यातल्या कुणाला ते जमलं नसतं.

सगळं कालच आणल्यासारखं दिसतंय?

बहुतेक वेळा कारण हेच असतं की ते खरंच काल खडेबाजारातून आणलेलं असतं. मग कुणीतरी सगळ्यावर सरसकट माती चोळतो. ते आणखी वाईट. वापर सगळीकडे सारखा होत नाही. हात लागतो तिथे वस्तू झिजते आणि चकाकते, हात पोचत नाही तिथे मळ साठतो. म्हणून पेटीच्या कडा आणि कडीभोवतीचा रंग पॉलिश पेपरनं घासा, कोपऱ्यांत काळपट रंग भरा. स्विचबोर्डाभोवती बोटांचे डाग हवेत, पण फक्त रोज लावल्या जाणाऱ्या बटणापाशी. कागद जुना करायचा तर आधी घड्या घाला, मग कोऱ्या चहात बुडवून वाळवा. घडीवरचा कागद जास्त पाणी पितो, रेघ गडद उमटते.

सीमाभागातलं घर पुण्यातलं वाटतंय?

ही चूक आपल्याकडे फार होते, आणि इथलाच प्रेक्षक ती सगळ्यात आधी पकडतो. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शेतकऱ्याच्या हातात इंटरनेटवरून छापलेला महाराष्ट्राचा सातबारा मी पडद्यावर पाहिलाय. इथे कर्नाटकात त्याला कन्नडमधला उतारा मिळतो. लाइट बिल हेस्कॉमचं, तेही कन्नड. गाडीची पाटी बेळगावात केए-२२. मुलानं दहावी राज्य बोर्डातून केली असेल तर ती एसएसएलसी. शहराचं नाव सरकारी कागदांवर बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला, त्यामुळे २००५ सालातल्या अर्जावर ते नको. नोटांचंही तसंच. १९९२ ची गोष्ट असेल तर दहाच्या आणि शंभराच्या नोटेवर गांधीजी चालणार नाहीत, ती मालिका १९९६ मध्ये आली.

पण फक्त चुका टाळून काय मिळणार? खरी गंमत पुढे आहे. भिंतीवर मराठी कालनिर्णय, खिळ्याला अडकवलेलं बिल कन्नड, आणि घरातल्या आजीला कन्नड वाचता येत नाही. ती काय करते? तिला आकडे कळतात. ती रकमेभोवती पेनानं गोल काढते, शेवटच्या तारखेखाली रेघ मारते आणि बिल कालनिर्णयच्या त्याच महिन्यात दुमडून ठेवते. एका कागदात तिचं न येणं आणि तिचं चालवून नेणं, दोन्ही आलं. उलट त्याच भिंतीवर सीमाप्रश्नाची घोषणा रंगवली की आजी संपते, फलक उरतो. घोषणा लिहूच नये असं नाही. पात्र खरोखर मोर्चाला जाणारं असेल तर चपलेचा तुटलेला अंगठा दाखवा, जास्त बोलेल.

चपलेवरून आठवलं. खानापूरची माती लाल, निपाणीकडे तंबाखूची काळी रानं. खानापुरात चित्रण करून गोष्ट निपाणीत घडवणार असाल तर तळवे धुवा. आणि निपाणीत विडी वळणारी बाई दाखवायची असेल तर सूप, तेंदूपत्ता, कात्री आणि पान कापायचा पत्रा एवढं आणून भागत नाही. आठवडाभर आधी जाऊन बघा कात्री कुठल्या बाजूला असते, सूप मांडीवर कसं टेकतं. मांडणी चुकली की अभिनेत्रीचे हात चुकतात, आणि तो दोष नंतर तिच्या माथी मारला जातो.

वस्तू दिसतेय, पण कुणाच्या लक्षात येत नाही?

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे क्लोजअप, त्यावर संवाद, "ही बाबांची शेवटची आठवण." कृपा करून नको. आधी ती वस्तू लांबच्या शॉटमध्ये साधेपणानं वापरात दिसू द्या, पाणी पिताना, बिल दाबताना. नंतर ती जागेवर नसली तरी कळेल. आमच्या फिल्ममध्ये शेवटी पंखा लागतो आणि बिलं उडतात, एवढंच. धोटा मुलानं विकला हे कुणी बोलत नाही.

आता थोड्या तांत्रिक कटकटी, भराभर. फोटोच्या काचेत लाइट दिसतोय? फ्रेमच्या वरच्या कडेमागे कागदाची घडी सरकवून ती जराशी खाली झुकवा. स्टीलच्या डब्यात कॅमेरामन दिसतोय? जागा बदला, नाहीतर डब्यावर हलकी टाल्कम पावडर फिरवा. भिंतीवरचं घड्याळ चालू ठेवलंत तर एडिटिंगमध्ये रडाल, सेल काढा. फुटणाऱ्या वस्तूचे किमान तीन नग आणा. ताटात कुंदा, म्हणजे आपली बेळगावची मिठाई, ठेवणार असाल तर प्रत्येक टेकआधी तितकाच वाढायला जादा हवा, आणि युनिटमधल्या पोरांपासून लांब ठेवायला एक खमकी व्यक्ती हवी. आमचा अर्धा किलो पहिल्या शॉटआधीच संपला होता.

कंटिन्यूटीचे, म्हणजे कुठली वस्तू कुठे होती ते पुढच्या शॉटला जुळवायचे, फोटो एकाच फोनवर, एकाच माणसाकडे. मागून आणलेल्या वस्तूंची वही त्याच माणसाकडे. आमच्याकडून एका घरचा तांब्या दुसऱ्या घरी गेला आणि त्याची बोलणी मी दिवाळीपर्यंत खाल्ली.

आणि सगळं मांडून झालं की लाइट लावण्याआधी अभिनेत्याला त्या खोलीत दहा मिनिटं एकटं सोडा. सरकवायचं ते सरकव, म्हणा. विणकराचं काम करणारे आमचे काका डावखुरे, हे दोन दिवसांच्या तालमीत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. परत आत गेलो तर तांब्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला होता, गोळ्यांची पट्टी उशीखाली, आणि चष्मा त्यांनी बिलांवर धोट्याशेजारी ठेवला होता. काढलेले फोटो पुसून आम्ही नवे काढले.