वेडेवाकडे दात : मुलांमध्ये केव्हा तपासावे, मोठेपणी काय करावे

मुलाच्या दुधाच्या दाढेला कीड लागली की "पडणारच आहे, कशाला खर्च करायचा" असे म्हणून ती दुखेपर्यंत तशीच ठेवायची आणि दुखू लागली की काढून टाकायची, ही पद्धत खानदेशात आजही अनेक घरांत दिसते. दात वेडेवाकडे येण्याची जी कारणे पालकांच्या हातात आहेत, त्यांत माझ्या मते हे सर्वांत मोठे आहे. दुधाची शेवटची दाढ साधारण १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते, कारण तिच्या मागे सहाव्या वर्षी कायमची पहिली दाढ उगवते. पुढची दाढ वेळेआधी काढली तर ही कायमची दाढ पुढे सरकते आणि मागाहून येणाऱ्या दातांची जागा खाऊन टाकते. अकराव्या-बाराव्या वर्षी येणाऱ्या वरच्या सुळ्याला मग रांगेत जागाच उरत नाही आणि तो हिरडीत उंचावर, बाहेरच्या बाजूला डोकावतो. म्हणून दुधाची दाढ किडली तर ती भरून घ्यावी, गरज पडल्यास तिच्या नसेवर उपचार करावेत, आणि काढणे अटळच असेल तर मोकळी जागा राखून ठेवणारी छोटी पट्टी त्याच वेळी बसवून घ्यावी.

घरच्या घरी पाहणी करणे सोपे आहे. मुलाला दिवसाच्या उजेडात बसवून तोंड उघडायला सांगावे आणि पुढच्या दोन दातांच्या मधून एकेका बाजूला दात मोजत जावे. कोणताही दात आधी पडला किंवा काढला नसेल, तर सहावा लागतो तो कायमचा आहे, दुधाचा नव्हे, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. नंतर मुलाला मागच्या दाढा एकमेकींवर टेकवायला सांगून ओठ बाजूला करून पाहावे. वरचे दात खालच्यांच्या किंचित बाहेर असले पाहिजेत. खालचा एखादा दात वरच्याच्या पुढे येत असेल, पुढचे दात एकमेकांना न भेटता मध्ये फट राहत असेल किंवा जबडा मिटताना एका बाजूला सरकत असेल, तर सातव्या वर्षाच्या आसपास दंतवैद्यांना दाखवावे. तेव्हा दाखवले म्हणजे लगेच तारा लावाव्या लागतात असे नाही. बहुतेक मुलांना केवळ देखरेख पुरते.

काही गोष्टींनी घाबरून जाण्याचे कारण नसते. सात ते अकरा वर्षांदरम्यान वरच्या पुढच्या दोन दातांत पडलेली फट पुष्कळदा सुळे आल्यावर आपोआप मिटते. खालचा कायमचा दात दुधाच्या दातामागून उगवला, तर दुधाचा दात पडल्यावर तो बहुधा जिभेच्या रेट्याने पुढे येतो. मात्र दुधाचा दात हलतच नसेल तर तो काढून घ्यावा लागतो.

जबड्याचा आणि दातांचा आकार मुख्यतः आईवडिलांकडून येतो आणि तो बदलता येत नाही. चार वर्षांनंतरही चालू राहिलेली अंगठा चोखण्याची सवय, गिळताना जीभ पुढे रेटणे आणि तोंडाने श्वास घेणे यांवर मात्र उपाय आहे. रात्री तोंड उघडे टाकून घोरणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण नाकामागची गाठ वाढलेली असेल तर केवळ दातांवर उपचार करून भागत नाही. अंगठ्याला मिरची किंवा कडू रस लावून मुलाला रडवू नये. समजावून सवय सुटत नसेल तर टाळूला बसणारे साधन मिळते.

जबड्याची वाढ चालू असते तोवरच काही उपचार होतात. खालचा जबडा पुढे येत असेल तर वयाच्या दहाव्या वर्षाच्या आत, आणि तो मागे राहिला असेल तर वयात येण्याच्या सुमारास उपचार करावे लागतात. मुलींमध्ये ही वेळ मुलांपेक्षा वर्ष-दोन वर्षे आधी येते. वाढ थांबल्यावर अशा जबड्यासाठी कधीकधी शस्त्रक्रियेखेरीज मार्ग उरत नाही.

तारांचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो आणि चार ते सहा आठवड्यांनी तपासणी लागते. शहादा, चोपडा किंवा शिरपूरहून जळगाव-धुळ्याला दर महिन्याला जाणे जमेल का, आपल्या गावच्या दवाखान्यात तज्ज्ञ ठरावीक दिवशी येतात का, याची चौकशी सुरुवातीलाच करावी. हे काम बीडीएसनंतर तीन वर्षांचे एमडीएस केलेल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडून (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांकडून) करून घ्यावे. दंत महाविद्यालयांत खर्च सहसा कमी येतो. धुळ्यात असे महाविद्यालय आहे. तारा असताना ऊस दातांनी सोलणे, फुटाणे, चिक्की आणि कडक बिबडे बंद करावेत, कारण त्यांनी दातावर चिकटवलेला तुकडा निघतो आणि उपचार लांबतो. भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून खावी. भरीत, खिचडी आणि केळी चालतात, पण प्रत्येक खाण्यानंतर ब्रश करावा. दाताच्या रंगाच्या तारा घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की हळदीने त्यांवरची पारदर्शक रबरे पिवळी पडतात.

मोठ्या माणसांनाही दात सरळ करता येतात. वयाची अट नाही, हिरड्यांची आहे. चाळिशीनंतर पुढच्या दातांत नव्याने फट पडू लागली किंवा दात पुढे झुकू लागले, तर पुष्कळदा हिरड्यांच्या आजाराने हाड झिजलेले असते, आणि तंबाखू खाणाऱ्यांत किंवा मशेरी लावणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. आधी हिरड्यांवर उपचार करून घ्यावेत. सुजलेल्या हिरड्यांवर तारा ओढल्यास दात आणखी सैल होतात. पारदर्शक अलाइनर (तारांऐवजी दातांवर चढवायचे, काढता-घालता येणारे साचे) दिवसातून २० ते २२ तास घालावे लागतात, आणि हे पाळणे जमणार नसेल तर तारा बऱ्या. एक्स-रे आणि प्रत्यक्ष तपासणीशिवाय घरपोच मिळणारी साधने घेऊ नयेत. फट मिटवण्यासाठी दातांभोवती साधे रबर तर कधीच गुंडाळू नये. ते हिरडीखाली सरकून मुळापर्यंत जाते आणि चांगला दात गमावण्याची वेळ येते.

तारा निघाल्यावर दात जुन्या जागी परतू पाहतात. म्हणून रिटेनर नावाचे साधन डॉक्टर सांगतील तितका काळ, आधी दिवसरात्र आणि पुढे अनेक वर्षे रात्री वापरावे लागते. ते गरम पाण्याने धुवू नये, जेवताना रुमालात गुंडाळून न ठेवता डबीतच ठेवावे, आणि तुटले किंवा हरवले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दवाखान्यात फोन करावा.